दारव्ह्यातली उन्हाची टंचाई

उन्हाची टंचाई पाह्यली का कोणी, तेही आपल्या दारव्ह्यात, ऐन एप्रिलात? म्या पाह्यली.

कॉलेजात मी ग्राफीन अन् टायटॅनियम ऑक्साइडची पावडर बनवलती. रंगीत पाण्यात टाकून उन्हात ठेवली का रंग गायब. प्रोजेक्ट चालू ठेवाचा का नाही, ते ठरवाले मोठे साहेब येनार होते. आमच्या हुशार प्राचार्यांनी अंगणभर ताडपत्रीचा मांडव टाकला.

"सर, पावडरीले ऊन पायजे."

"अन् साहेबाले चक्कर आली तं?"

मंग काय, साहेब सावलीत अन् पावडरही सावलीत. निळं पाणी निळंच राह्यलं. साहेब म्हणे, "काही दम नाही राजा यात." प्रोजेक्ट बंद!

साहेबाच्या फोटोचा स्वागत-फ्लेक्स मात्र गेटवर अजून उन्हातच आहे. आता त्याच्यावर नुसत्या मिशा उरल्या, अन् तेही पावडर न टाकता.