कळपाबाहेरचं

वळसंगच्या एसटीत पुढच्या बाकावर ज्ञानबा धनगर आणि त्यांची लेक पूनम बसले होते. मागच्या बाकावर बसलेल्या गावातल्याच मनकर्णाबाईंनी कान टवकारले.

"आबा, आज दवाखान्याचं नेटवर्क मी एकटीनं लावलं. कॅमेऱ्यांच्या गर्दीत एक्स-रे अडकायचे. आता झटक्यात डॉक्टरांकडं जात्यात."

"नवी मशीन बसवली व्हय?"

"सगळ्या वायरी जोडायचा स्विच जुनाच. त्यातच व्हीलॅन, म्हंजी वेगवेगळे गट केले. वाडा एक, कळप दोन. कॅमेरे एकात, एक्स-रे दुसऱ्यात."

"आपण मेंढरांना रंग लावतो, तसं की."

"अगदी तसंच. कुणी कुणात मिसळत न्हाय."

पूनमचा फोन वाजला.

"बोला सर. सगळं चालू हाय न्हवं? फक्त तुमचाच कॉम्प्युटर बंद?"

तिनं जीभ चावली.

"आबा, दवाखान्याच्या मोठ्या सायबांना कुठल्याच कळपात घातलं न्हाय."

ज्ञानबा उठलेच.

"मास्तर, गाडी थांबवा. आमचं एक मेंढरू बिनरंगाचं राहिलंय."