लगीन कापून जोडायला शिकले

माझं गाव म्हंजी गाव न्हाईच, वस्ती हाय, वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सपाटीवर. आमी धनगर, घरं थोडी आन म्हशी जास्त. भोरमधी कुणी इचारलं, तू कुठली गं, तर मी नुसतं वेल्ह्याची म्हणते, कारण वस्तीचं नाव घेतलं तर पुढं सगळा डोंगर चढून दावावा लागतो. नकाशात बघाल तर वेल्हं आन भोर शेजारीच, एवढं बोटभर. पर काय सांगू तुम्हाला, आधी वस्तीवरनं पायी उतरायचं, मंग वेल्ह्यातनं गाडी धरायची, नसरापूरला उतरायचं, मंग भोरची एसटी, आन ती गेली असली तर तिथंच फाट्यावर बसायचं. पावसाळ्यात वाटच मोडती. म्हणून मला तर भोर परदेशच वाटायचा.

शाळा सातवीपातूर झाली. पुढची शाळा खाली, मधी वढा, वढ्याला पाणी आलं की मास्तर तिकडं आन आमी हिकडं. बा म्हणाला, ऱ्हाऊ दे आता. खरं सांगते, तवा मला बरंच वाटलं. अभ्यास सुटला म्हणून नाचले. वाईट वाटायला पुढं वर्षं गेली.

माझी मावशी उत्रोलीला दिलेली. भातलावणीला माणूस मिळंना म्हणून तिनं मला बोलावलं, आन लावणी झाली तरी जाऊ दिलं न्हाई. एक दिवस तिच्या सासूचा फोटो काढायला भोरात गेलो, एसटी स्टँडच्या मागं अण्णांचं फोटोचं दुकान हाय तिथं. अण्णा म्हंजी पोट सुटलेलं, चष्मा कपाळावर, आन तोंडात सदा टोमणा. त्यांचा काम करणारा पोरगा पुण्याला पळालेला. मला म्हणालं, गिऱ्हाइकाची नावं लिहिता येतील का गं? म्हटलं, येत्याल. तर म्हणालं, मंग उद्यापासनं ये. मावशीनं वस्तीवर फोन लावला. बा म्हणाला, दिवाळीपातूर ऱ्हाऊ दे. तवर हातात काम आलं तर बघू, न्हाई तर आणायला येतो, स्थळं यायला लागल्यात.

झालं. तवापासनं दिवाळी माझ्या डोक्यावर बसली. मी मुळातच भित्री. दुकानाचं कुलूप लावलं तरी दोनदा ओढून बघायची.

अण्णा आत बसून लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करायचं. पडद्यावर खाली एक पट्टी असती, तीवर सगळं लगीन आडवं पसरलेलं, हळद, वरात, अक्षता, जेवणं, आन अण्णा ती पट्टी कापायचं, नको ते टाकायचं, हवं ते जोडायचं. मी चहा घेऊन आत गेले की दारातच थांबायची. एकदा अण्णा वळून म्हणालं, चहावर साय आली, बघायचंच असंल तर बस. बसले ती बसलेच.

पहिल्यांदा त्यांनी मला शिकवलं ते हालचालीवर कापायचं. म्हंजी बघा, कुणी हार घालायला हात उचलला की तिथं काप, आन दुसऱ्या कॅमेऱ्यात तोच हात खाली येताना जोड. बघणाऱ्याची नजर हाताच्या मागं पळती, जोड दिसतच न्हाई. दुसरं, कॅमेरावाल्याला कुणाचा धक्का लागून चित्र हाललं, तर तेवढ्यावर मांडवातली पोरं न्हाई तर तोरण टाकायचं, आवाज तसाच चालू. तिसरं, आवाज आधी आन चित्र मागनं. सनई ऐकू येऊ द्यायची, मंग सनईवाला दावायचा. हे मला एका दिसात कळलं. अण्णा म्हणालं, हे कसं गं लगेच जमलं? म्हटलं, अण्णा, आमच्याकडं धुक्यात आधी घंटा ऐकू येती, मंग लई वेळानं म्हैस दिसती. अण्णा हसून हसून खोकलं. त्या दिसापासनं असा जोड आला की म्हणायचं, मंगल, हितं म्हैस टाक.

पर बाकी फजितीच. पहिलं लगीन दिलं कापायला, त्यातला नवरा सारखा मोबाईलमधी बघायचा, जांभया द्यायचा. मला वाटलं, खराब हाय, काढून टाकावं. अण्णांनी बघितलं, चष्मा डोळ्यावर घेतला, पुन्यांदा बघितलं. म्हणालं, बाई, नवरा कुठाय? नवऱ्याबिगर लगीन लावलंस व्हय?

तर असं शिकता शिकता दसरा आला. अण्णा म्हणालं, उन्हाळ्यातलं भोंगवलीचं लगीन कापायचं ऱ्हायलंय, हे सगळं तूच कर, मी हात लावणार न्हाई. मला समजलं, हे पसंत पडलं तर माझं हितं काय तरी हाय, न्हाई तर बा गाडीत बसतोय.

नुकतंच अण्णांनी एक नवं शिकवलं व्हतं. एकजण काय तरी करतो, की लगेच दुसऱ्याचं तोंड दावायचं, मंग बघणाऱ्याचं काळीज हालतं. मंगलाष्टकं चालू हायती, नवरी खाली मान घालून उभी, आन मला तिथं एक तोंड पाहिजे व्हतं. हुडकताना नवरीची आय सापडली, पाठवणीच्या वक्ताची, डोळं भरलेलं, पदर तोंडाला. म्या बघितलं, साडी दिसभर तीच, मागं मांडवाचं कापड तेच, ऊन बी तसंच. अक्षता पडत्यात तिथं बरोबर ते तोंड बसवलं. काय सांगू, असं बसलं की माझंच डोळं भरलं. अण्णा दुसऱ्या गावाला बारशाच्या शूटिंगला गेलेलं, त्यांनी बघितलंच न्हाई.

मीच घेऊन गेले, भोंगवलीला त्यांच्या घरी टीव्हीवर लावलं. घरची सगळी बसलेली, बटाटेवडं चाललेलं, ज्याचं त्याचं तोंड आलं की हसणं. मंगलाष्टकं आली, आन नवरीची आत्या एकदम म्हणाली, वैनी, तू हितं कशी?

तवा माझ्या ध्यानात आलं. पोरीचं लगीन लागताना आयनं बघायचं नसतं. ती तवा मागच्या दारी तुळशीला पाणी घालती. आमच्या वस्तीवर बी हाच रिवाज, मला ठाऊक नव्हता असं न्हाई, पर पडद्याम्होरं बसल्यावर मी साडी बघितली, ऊन बघितलं, रिवाज इसरले. आता चित्रात आय उभी ऱ्हाऊन पोरीवर अक्षता पडताना बघतीया. आत्या म्हणाली, हे सासरी गेलं तर? पोरगी तिकडं नुसती शिंकली तरी ह्याच्यावर घालतील. नवरीचा बाप म्हणाला, अहो, ही तिथं नव्हतीच. आत्या म्हणाली, मंग दिसतीया ती कोण? आय मातूर पडद्याकडंच बघत ऱ्हायली.

दुकानात आले ती रडतच. अण्णांनी ते बघितलं. मला वाटलं, आता घरला पाठवत्यात. तर म्हणालं, जोडलंस झ्याक, म्हणून तर घोटाळा झाला, वाईट जोडलं असतंस तर कुणी खरं मानलं नसतं. आता रडून झालं असंल तर सगळं शूटिंग पहिल्यापासनं बघ.

बघत गेले. दुसऱ्या कॅमेऱ्याचा पोरगा मंगलाष्टकं चालू असताना पाणी प्यायला मागच्या दारी गेला व्हता, कॅमेरा चालूच. त्यात ती माऊली, पाठमोरी, तुळशीला पाणी घालतीया. तांब्यातलं पाणी संपलंय तरी तांब्या तसाच वाकडा धरलेला. म्या मांडवातलं तोंड काढलं, हे टाकलं, आन आवाज मंगलाष्टकांचाच ठेवला. मागनं सावधान ऐकू येतंय आन म्होरं ती पाठ. त्यांच्या घरी पुन्यांदा लावलं तवा आत्यानंच पहिला पदर डोळ्याला लावला.

मंग अण्णांनी बाला बोलावलं. बा आला, चपला भाईर काढून आत आला, खुर्चीवर बसंना, खालीच बसला. तुळशीपाशीचं ते बघितलं. मंग अण्णांस्नी म्हणाला, हे दिसभर बघून पोरीला चष्मा लागंल का? अण्णा म्हणालं, लागंल. बा म्हणाला, मंग तेवढा चांगला करून द्या. एवढंच बोलला आन एसटी धरायला उठला. झालं माझं ऱ्हाणं पक्कं.

चष्मा लागला, ह्यो बघा. अजून उत्रोलीलाच मावशीकडं असते, वस्तीची सय येती, आयच्या हाताची भाकरी आठवती, पर दर महिन्याला जाऊन येते. अजून भीती वाटती, एक क्लिप कापली की चारदा सेव करते, अण्णा म्हणत्यात, बटण झिजलं.

आन ती भोंगवलीची काकू, नवरीची आय. एकदा बाजारच्या दिशी एकलीच आली, पिशवी खाली ठेवली, इकडं तिकडं बघितलं आन हळूच म्हणाली, पोरी, ते पहिलं हाय का गं, का पुसलंस? म्हटलं, हाय. म्हणाली, जोडलेलं हाय हे मला ठाव हाय, तरी बघू दे. लावलं. अक्षता पडल्या, तिचं तोंड आलं, आन ती स्वतःलाच बघून हसली. म्हटलं, काकू, मोबाईलात घालून देऊ का? तर म्हणाली, नगं, घरी कुणाच्या तरी हाताला लागंल, हितंच ऱ्हाऊ दे. तवापासनं बाजारला आली की येती, स्टुलावर बसती, तेवढंच बघती, चहा घेती आन पोरीची खुशाली सांगून जाती, नांदती बघा झ्याक, आता दिवस गेल्यात. जाताना माझ्या डोक्यावरनं हात फिरवून कानशिलावर बोटं मोडती. म्हणती, तुझ्या आयला बी तुझं लगीन असंच बघाया मिळू दे.