भोपळ्याचा पंखा

...नाही, पण पंखा? पंखा कशाला म्हणतो मी! सावली दिली, कबूल. खाली वाळू घातली, वाळूवर पेंढा घातला, माझी मऊ झालेली जुनी चादर ओली करून वर तंबूसारखी बांधली, तेही कबूल... पण घरातला एकुलता एक टेबलफॅन उचलायचा, वायर खिडकीतून बाहेर काढायची आणि अंगणात नेऊन भोपळ्यासमोर ठेवायचा? आणि मी आत खाटेवर वर्तमानपत्रानं वारा घेत पडायचं? तुम्हाला सांगतो, बाहेर असं ऊन, की कुत्रं एका सावलीतून दुसऱ्या सावलीत जायला तयार नाही, आणि आमचे साहेब अंगणात वारा खात बसलेत! अहो, भोपळा आहे तो, जावई नव्हे!

सगळी आग लावली त्या रोपवाटिकावाल्यानं. आमची ही गेली होती मिरचीची रोपं आणायला. तिथं त्यानं चित्र लावलेलं. भोपळा केवढा, तर शेजारी उभा असलेला माणूस त्या भोपळ्यातून गळून पडलेल्या बीसारखा दिसतोय. ही म्हणाली, "हे बी द्या." तो हसला. "आजी, हे थंड मुलखातलं बी. आपल्या उन्हात वेल जळतो, फळ वेलावरच उकडतं. तुम्हाला नाही जमायचं, तुम्ही मिरचीच न्या." झालं! हिला 'नाही जमायचं' म्हणाला! मी नवीन लग्न झालेलं असताना एकदा म्हटलं होतं, "तुला सायकल नाही जमायची." अजून माझ्या गुडघ्यावर खूण आहे.

बी आलं, रुजलं, वेल निघाला तो न्हाणीघराच्या भिंतीपर्यंत गेला. मग फुलं आली. आता फुलांचं काम भुंग्यांचं की नाही? नाही! ही पहाटे उठून नराचं फूल तोडणार, त्याच्या पाकळ्या सोलणार आणि मादीच्या फुलात हळूच फिरवणार. मी आपला बघायला गेलो तर मला म्हणते, "तुम्ही जरा तिकडं तोंड करा." म्हणजे लाज कुणाची, तर भोपळ्याची! मग फळं धरली, तर त्यातलं एक ठेवलं आणि बाकीची सगळी पिल्लं खुडून टाकली. का? तर ह्या एकट्याला पोटभर मिळावं. अहो, आम्ही सगळी भावंडं एका ताटात जेवलो, आमच्यातलं नाही कुणी कुणाला खुडलं!

आणि मग तो जो फुगायला लागला... फुगला, फुगला, काय सांगू! शेजारचा टेलरमास्तर गळ्यात टेप अडकवून रोज सकाळी हजर. "वहिनी, कंबर वाढली हो! घोळ सोडावा लागणार!" आणि दोघं हसतायत. माझी पँट शिवायला टाकली तेव्हा हाच मास्तर म्हणाला होता, "जुनी पँट आणून द्या, त्यावरून माप घेतो." भोपळ्याचं माप मात्र घरी येऊन! लहानपणी शाळेत मला भोपळा मिळाला तर बापानं बडवला होता. हिच्या भोपळ्याला बघायला गल्ली लोटते. लेकीचा फोन आला, मी उचलला. "बाबा, कसा आहे?" म्हटलं, "बरा आहे, गुडघा तेवढा रात्रीचा ठणकतो." "तुम्ही नाही हो, भोपळा!" पोटची पोर ही! आणि भोपळा आहे तो, जावई नव्हे, नवरा तर तुझ्या जवळच आहे, त्याची चौकशी कर!

बरं, कौतुकाचंही मला काही नाही. खरं दुखणं वेगळंच आहे. ही त्याच्याशी बोलते. आमचं बोलणं म्हणजे काय, तर "नळ आला" आणि "नळ गेला". मधल्या वेळेत दोघं गप्प. आणि तिकडं संध्याकाळी पाटावर बसून, त्याच्या पाठीवरून हात फिरवत, बोटानं टकटक करून, वर कान लावून ऐकते, आणि गोष्टी सांगते! मी खिडकीआडून ऐकतो... ऐकतो म्हणजे, कानावर पडतं. लहानपणी ही विहिरीत सूर मारायची म्हणे. भावांच्या आधी! एवढा संसार झाला, मला माहीत नाही. हे मला भोपळ्याकडून कळायचं?

आता तो पंखा. त्याची मान कित्येक वर्षं अडकलेली, एकाच दिशेला बघायचा. ही म्हणायची, "जन्मभर गॅरेजात लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्यात, घरातल्या पंख्याची मान तेवढी होईना?" मी म्हणायचो, "बघू." मला काय घाई? तो माझ्याकडंच बघायचा! तोच उचलून हिनं भोपळ्यापुढे ठेवला, आणि मला कळलं, तो पंखा कुणाकडेही बघतो.

परवा काय झालं, ही तालुक्याच्या भाजीपाला प्रदर्शनात भोपळ्याचं नाव घालायला गेली. जाताना मला म्हणते, "ऊन चढलं की चादर ओली करा. त्याच्या अंगावर गार पाणी ओतू नका, तडकेल. आणि त्याला एकटं सोडू नका." म्हटलं, "आणि मी?" तर म्हणते, "तुमचं झाकून ठेवलंय."

गेली ती, आणि दुपारी वीज गेली. मी पडलो होतो. उठणार नव्हतोच. म्हटलं, बघू आता साहेबांची मिजास! उठलो ते नुसतं बघायला. तर पानं सगळी माना टाकून पडलेली, चादर वाळून कडक, आणि त्याच्या पाठीला हात लावला तर... गाडीचं बॉनेट असावं तसा! चटकाच बसला. इंजिन तापलेलं मला बघवत नाही, सवय आहे ती. चादर भिजवली. पाच मिनिटांत वाळली. परत भिजवली. मग पाट ओढला, बसलो, आणि हातात वर्तमानपत्र होतंच, ते हलवायला लागलो. त्याच्यासाठी नाही, माशा होत्या.

आणि दोघंच होतो ना, म्हणून विचारलं मी त्याला. "काय रे ए फुगीर, विहिरीचं सांगितलं तिनं तुला, अजून काय काय सांगितलं? माझ्याबद्दल काही बोलते का?" गप्प. "चांगलं नको सांगूस, वाईट सांग, पण बोलते का?" गप्पच! हलवतोय वर्तमानपत्र, भिजवतोय चादर, ऊन सरकतंय तसा पाट सरकवतोय, डोळ्यांपुढं सगळं पिवळं पिवळं व्हायला लागलं, म्हटलं हा वाढला की काय अजून... आणि आडवा झालो त्याच्याच अंगावर.

जाग आली ती हिच्या आवाजानं. "अगं बाई! केवढा तापलाय!" मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! डोळे मिटूनच राहिलो. म्हटलं, शेवटी माणूस ते माणूस. मग एक डोळा किलकिला केला, तर हात भोपळ्यावर! मग तिला मी दिसलो. "आणि तुम्ही हो? तुम्ही असे काय पडलात!" बादली आली, फडकं आलं, ओल्या चादरीचं एक टोक ओढून माझ्यावर घातलं. भिंतीवरून मास्तर ओरडला, "वहिनी, कसा आहे?" तर म्हणते, "तो टणक आहे हो. हे जरा मऊ पडलेत." आणि बोटानं माझ्या छातीवर टकटक केलं... आणि कान लावला.

मी हललो नाही. तुम्हाला सांगतो, श्वाससुद्धा बेतानं घेतला.

मग कान तसाच ठेवून म्हणते, "हातात वर्तमानपत्र कसलं? वारा घालत होतात त्याला?" "मी? माशा मारत होतो." "दिवसभर?" "माशा फार होत्या." म्हटलं, "आणि एवढं काय करतेस त्याचं, भोपळा आहे तो, जावई नव्हे!" तर म्हणते, "जावई एवढा शांत बसून ऐकून घेतो का? आणि तुम्ही तरी कधी ऐकलंत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी माझ्या हातात पेचकस. पंख्याची मान सोडवली, गंज घासला, तेल घातलं... फिरायला लागली! खाट अंगणात घातली हिनं, भोपळ्याला लागूनच. मधे पाटावर ही. विहिरीची गोष्ट परत पहिल्यापासून सांगितली, मी पहिल्यांदाच ऐकतोय असं तोंड करून बसलो. भोपळ्यानं काही चहाडी केली नाही, तेवढा आहे तो चांगला.

प्रदर्शनाला आठवडा आहे अजून. तोवर हे असंच. पंखा एकदा त्याच्याकडं जातो, एकदा माझ्याकडं येतो. पण मी लक्ष ठेवून असतो ना... माझ्याकडं येतो, वळतो, जातो. त्याच्याकडं गेला की जरा जास्तच वेळ रेंगाळतो! नाही, शपथेवर सांगतो, रेंगाळतो! पण तक्रार कुणाकडं करू? दुरुस्त मीच केलाय.