मुठीतली गोटी

राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीसाठी बांजुलच्या शाळेबाहेर रांग लागली होती. इथं मतपत्रिका नसते; मतदाराला एक गोटी मिळते, ती आपल्या उमेदवाराच्या पिंपात टाकायची. रांगेत एक बहीण-भाऊ कुजबुजत होते.

"ताई, गोटी टाकली की पिंपातली घंटी वाजते. कुणाच्या पिंपातली, ते बाहेर कळत असेल."

"प्रत्येक उमेदवाराच्या पिंपात सारखीच घंटी आहे, येरो."

"तू काय वाजवून बघितल्यात?"

"बावीस वर्षं एकच माणूस. आज नाही तर कधी?"

"बाबाही असंच म्हणायचे. कुठं नेलं त्यांना, सांग."

"म्हणूनच आलोय ना? जा, तुझा नंबर आला."

येरो आत गेला. सगळी रांग कान देऊन उभी राहिली. घंटी काही वाजली नाही. तो बाहेर आला, तेव्हा त्याची मूठ घट्ट मिटलेली होती.

"नाही टाकवली, ताई."

"परत आत जा आणि टाक. घंटी वाजली नाही, हे दारातल्या पोलिसालाही कळलंय."