आप्पा मला न्यायला आले तेव्हा

आमच्या मेट्रन किती कडक होत्या म्हणून सांगू! पण माझी नोकरी टिकली ती त्यांच्यामुळेच. साठ सालाच्या सुमारास मी मद्रासला नर्स होते, आणि एक दिवस आप्पा तंजावरहून थेट हॉस्पिटलात आले. मी परक्यांची अंगं पुसावीत, हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं. मेट्रनपुढे उभे राहून म्हणाले, "मुलीला कायमची घरी नेतोय."

मला वाटलं, संपलं सगळं. मेट्रनच्या तोंडून मी माझ्या चुकांशिवाय कधी काही ऐकलंच नव्हतं.

त्या म्हणाल्या, "न्या. पण आधी ऐका. आमच्याकडची एक भाजलेली पेशंट कुणालाच ड्रेसिंग करू देत नव्हती. आम्ही सगळ्यांनी हात टेकले. तुमच्या मुलीनं तिच्याशी बोलत बोलत ते केलं, म्हणून ती जगली. नव्या मुलींना मी हिच्याकडेच शिकायला पाठवते."

हे मीसुद्धा पहिल्यांदाच ऐकत होते. मला रडूच कोसळलं.

आप्पा खालच्या आवाजात, मानानं मेट्रनना म्हणाले, "अम्मा, घरी आईला भेटायला हिला दोन दिवस रजा मिळेल का?"