निळी पिशवी कुठे राहिली याबाबत

नाव : अक्का (कारखान्यात व शेजारीपाजारी याच नावाने ओळखतात; पूर्ण नाव कालच्या तक्रारीत आहे)
वय : ३८ वर्षे
धंदा : नोकरी, शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात कापड बेतणे व कापणे
पत्ता : कालच्या तक्रारीप्रमाणे

मी आज सकाळी ९.२० वाजता, कोणी बोलावले नसताना, स्वतः ठाण्यात येऊन पुरवणी जबाब देते की, मी वरील पत्त्यावर पती, सासूबाई व मुलगी वय ९ वर्षे यांच्यासह राहण्यास आहे. पती पंखे व पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. मुलीला घरी बबडी म्हणतात. तिला तीन वर्षांपासून साखरेचा आजार असून प्रत्येक खाण्याआधी इन्सुलिनचे इंजेक्शन द्यावे लागते. ते मीच देते. आजार कळल्यापासून आम्ही एक दिवसही बाहेरगावी गेलेलो नाही. यंदा चार दिवस समुद्रावर जायचे ठरले होते.

तयारी मी महिनाभर आधी सुरू केली. कपडे किती, कुठल्या दिवशी कुठले, औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, साखर उतरली तर द्यायच्या साखरेच्या पुड्या, सगळ्याची यादी भिंतीला लावली होती. घरातले हसत होते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, चार दिवसांना चाललात की चार वर्षांना?"

दवाखान्यातल्या सिस्टरांनी मला बजावून सांगितले होते, "औषधाचे दोन वाटे करा. एक तुमच्याजवळ, एक मिस्टरांजवळ. एक गेला तर दुसरा हाताशी हवा." त्याप्रमाणे मी रेनकोटच्या निळ्या कापडाच्या, आतून स्पंज लावलेल्या दोन सारख्या पिशव्या घरी शिवल्या. एकेक इन्सुलिनची बाटली, सुया व बर्फाची पुडी अशी दोन्हीकडे भरली. साखर तपासायचे यंत्र एकच होते, ते माझ्या पिशवीत ठेवले.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पती दुकानात छत्री विसरून आले. त्याआधीच्या आठवड्यात चष्मा विसरले होते. एकदा सायकलवर गेले व चालत परत आले, हे आमच्या आळीत सर्वांना माहीत आहे. ते आंघोळीला गेल्यावर त्यांच्या पिशवीतली बाटली व सुया काढून माझ्या पिशवीत घातल्या व त्यांच्या पिशवीत बिस्किटांचे पुडे ठेवले. हे मी कोणाला सांगितले नाही. काल तक्रारीतही सांगितले नाही.

काल सकाळी ६.१५ वाजता बस सुटली. बबडीला रात्रीपासून कणकण होती. ७.५० वाजता साखर तपासली, ती जास्त होती. इंजेक्शन दिले. गाडीवर पन्नाशीचा एक क्लीनर होता, सगळे त्याला काका म्हणत होते. त्याने माझी पिशवी बघून विचारले, "ताई, ही वर टाकू का?" मी म्हणाले, "हात लावू नका." तो बरं म्हणून पुढे गेला.

१०.४० वाजता एका हॉटेलाशी गाडी वीस मिनिटे थांबली. पती खाली उतरले नाहीत, त्यांचा डोळा लागला होता. मी बबडीला घेऊन बायकांच्या मोरीत गेले. निळी पिशवी माझ्या खांद्यावर होती. बबडीला लघवीला बसवायचे म्हणून पिशवी दाराच्या आतल्या खुंटीला अडकवली. बाहेर गाडीचा भोंगा वाजला. बबडी म्हणाली, "आई, गाडी चालली." आम्ही पळत येऊन गाडीत बसलो.

१२.५५ वाजता जेवणाआधीचे इंजेक्शन द्यायचे म्हणून मी पायाशी हात घातला. पिशवी नव्हती. सीटखाली, वरच्या फळीवर, मागे, सगळीकडे पाहिले. बबडी तेव्हा खिडकीला डोके टेकून होती व पाणी मागत होती. सकाळपासून तिने तीन बाटल्या पाणी प्यायले होते. पती मला म्हणाले, "अगं, घाबरतेस कशाला? माझ्याकडे दुसरी आहे ना." त्यांनी आपली पिशवी उघडली. आतून बिस्किटे निघाली. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

त्यानंतर मी गाडीत ओरडून सांगितले की पिशवी सीटवर होती व थांब्यावर गाडीत फक्त क्लीनर होता. पतीही गाडीत होते हे मी म्हणाले नाही. क्लीनर पुढून आला व म्हणाला, "ताई, मी फक्त झाडू मारला." मी त्याच्या थोबाडीत मारली. पहिली थप्पड मी मारली. नंतर मागच्या सीटवरचे चारपाच जण उठले. १ वाजता गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. त्याची वळकटी सोडली, टपावरचे सामान उतरवून उचकले. मी त्या वेळी गाडीत बबडीला धरून होते व खिडकीतून सर्व बघत होते. मी कोणाला थांबवले नाही.

मार खाताना क्लीनर मोठ्याने म्हणत होता ते मला स्पष्ट ऐकू आले. तो म्हणत होता, "अहो, आधी पोरीला दवाखान्यात न्या. मला मागाहून मारा. मी कुठं पळून चाललोय?" बबडीला १.३० वाजता पहिली उलटी झाली. ती पाहून ड्रायव्हरने लोकांना रेटून बाजूला केले व १.३५ वाजता गाडी सुरू केली. म्हणजे पस्तीस मिनिटे गाडी जागची हलली नव्हती. २.२० वाजता आम्ही येथील सरकारी दवाखान्यात पोचलो. बबडी हाकेला ओ देत होती पण डोळे उघडत नव्हती. इन्सुलिन व सलाईन सुरू केल्यावर डॉक्टरांनी मला विचारले, "इतका उशीर का केलात?" मी सांगितले, रस्ता लांब होता.

४ वाजता हवालदार दवाखान्यात आले. त्यांना मी तक्रार दिली की औषधाची पिशवी मी पतीच्या ताब्यात दिली होती, ते झोपले असताना क्लीनरने ती चोरली. पती माझ्या शेजारी उभे होते. हवालदारांनी त्यांना विचारले, "बरोबर?" त्यांनी मान हलवली.

आमच्या ड्रायव्हरने हॉटेलात फोन केल्यावरून संध्याकाळी ६ वाजता मागून आलेल्या दुसऱ्या बसच्या ड्रायव्हरने ती पिशवी ठाण्यात आणून दिली. हॉटेलात झाडलोट करणाऱ्या बाईंना ती बायकांच्या मोरीत खुंटीला मिळाली होती. आत औषध आहे हे पाहून त्यांनी ती फ्रिजमध्ये ठेवली होती. माझ्या तक्रारीत पिशवी गाडीत होती असे असल्याने क्लीनरनेच ती तिथे नेऊन लपवली असावी, असे हवालदार मला म्हणाले. मी त्यावर काही म्हणाले नाही. क्लीनरला ठाण्यातच बसवून ठेवले होते.

आज सकाळी ७ वाजता बबडीने डोळे उघडून भूक लागल्याचे सांगितले. तिची साखर उतरणीला लागली आहे. ती झोपल्यावर दवाखान्याच्या जिन्यात पती मला म्हणाले, "माझ्या ताब्यातून गेली असं लिहिलंस, ते राहू दे. माझ्या नावावर आणखी एक हरवणं, कोण मोजतंय? मला चालेल. पण त्या माणसाला कसं चालेल?" मी त्यांना विचारले की काल मान का हलवली. ते म्हणाले, "तुझे हात थरथरत होते." एवढे बोलून ते चहा आणायला गेले. मी तेथून थेट ठाण्यात आले.

येथे बाकावर क्लीनर बसलेला होता. त्याचा वरचा ओठ फाटला आहे. डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही असे तो सांगतो. मी काही म्हणायच्या आत त्यानेच विचारले, "पोरगी कशी आहे?" ती बरी आहे असे मी दोनदा सांगितले, तेव्हा त्याला ऐकू आले. त्याने हात जोडले. ते माझ्याने बघवले नाही.

तरी सदर क्लीनरने माझी कोणतीही वस्तू चोरलेली नाही. पिशवी मी विसरले. पतीच्या ताब्यात औषध दिलेले नव्हते. माझी कालची तक्रार खोटी आहे व ती मी कोणाच्या दबावाशिवाय मागे घेत आहे. क्लीनरला मारहाण माझ्या सांगण्यावरून झाली व सुरुवात मी केली, त्याबद्दल त्याची काही तक्रार असल्यास ती माझ्यावर घ्यावी.

हा जबाब लिहून झाल्यावर मला वाचून दाखवला. त्यात "पिशवी मोरीत विसरली गेली" असे लिहिले होते. ते खोडून "पिशवी मी विसरले" असे करण्यास मी सांगितले व तसे केले आहे. खाडाखोडीशेजारी माझी सही आहे. आता तो बरोबर आहे.