रोस्क्यातलं तिसरं बाळ

दाताखाली काहीतरी टणक आलं ना, तिथेच मी थांबायला हवं होतं. पण थांबते कशाला? तीन महिने, तुम्हाला सांगते, तीन महिने थांबलेच होते की! काकडी खाऊन. काकडीवर लिंबू पिळून, लिंबावर तिखट भुरभुरून, आणि वर आईला "वा, काय लागतंय" म्हणून. तर मला वाटलं, बदामाचा तुकडा असेल. आता मला सांगा, बदामाला पाय असतात का हो? याला होते. जिभेला लागले. दोन. आणि मी ते बोटाने बाहेर काढणार, एवढ्यात कोठीच्या दारातून एल्विरामावशी म्हणाली, "अंधारात काय करतेयस गं, यादिरा?" मी आधीच अशी, की टोस्टरमधून पाव उडाला तरी दचकते... गिळलं. पायांसकट.

"नॅपकिन शोधतेय मावशी," म्हटलं. मी तर काही खातच नाही ना!

म्हणजे दिवस कुठला, तर सहा जानेवारी, तीन राजे येशूबाळाला भेटायला आले तो सण. त्या दिवशी टेक्सासातल्या आमच्या सॅन अँटोनियोत रोस्का नसलेलं घर दाखवा आणि बक्षीस मिळवा. ट्रकच्या स्टिअरिंगएवढं गोड पावाचं कडं, वर साखरेत मुरवलेल्या फळांच्या पट्ट्या, आणि पोटात दडवलेली प्लास्टिकची येशूबाळं, करंगळीच्या पेराएवढी. ज्याच्या तुकड्यात बाळ निघेल, त्याने दोन फेब्रुवारीला जमलेल्या सगळ्यांना तामालेसचं, म्हणजे मक्याच्या पानात गुंडाळून वाफवलेल्या पिठाच्या वड्यांचं, जेवण घालायचं. आमचा बेकरीवाला एका रोस्क्यात तीन बाळं घालतो. तीनच. त्यातलं एक एल्विरामावशीला मिळालं, एक शेजारच्या ओरालियाबाईंना, आणि तिसरं... तिसरं कुठे होतं ते जगात फक्त मला माहीत होतं, आणि मी तर काही खातच नव्हते!

आता तुम्ही म्हणाल, मुली, चोविसाव्या वर्षी मधुमेह निघाला, डॉक्टरांनी बजावलं, मग कोठीत शिरलीसच कशाला? तेच तर सांगतेय! आमच्या आहारवाल्या बाईंनी मला एक युक्ती दिली होती. गोड खायची इच्छा झाली की आधी ग्लासभर पाणी प्यायचं, मग दहा मिनिटं चालायचं, इच्छा आपोआप जाते. मी पाणी प्यायले. मी चालले. चालता चालता कोठीत पोचले. यात माझी काय चूक? चाला म्हणाल्या, कुठे ते बोलल्या नाहीत.

आणि चालणार नाही तर काय करणार हो? बाहेर बावीस माणसं रोस्का खातायत आणि खाता खाता मला उपदेश करतायत! एल्विरामावशीला अठरा वर्षांची साखर आहे, ती तिसरा तुकडा दुधात बुडवत मला सांगतेय की पोरी, सगळं मनावर असतं. ओरालियाबाई म्हणतायत, रोज सकाळी निवडुंगाचा रस घे, मी वीस वर्षं घेते, बघ माझी साखर कशी एका जागी स्थिर आहे. आहे की स्थिर, दोनशे ऐंशीवर! आणि आई... आईचं काय सांगू? तिने अख्ख्या चर्चला सांगितलंय, माझी यादिरा गोडाकडे बघतसुद्धा नाही. एवढंच नाही, माझ्यासोबत तिनेही सोडलंय. तीन महिने ती कॉफी बिनसाखरेची पितेय, प्रत्येक घोटाला तोंड कडू करून, आणि मग माझ्याकडे बघून हसतेय. आता अशा बाईला कसं सांगायचं की तुझी पोरगी कोठीत उभी राहून ओठावरची साखर चाटतेय?

तर बाहेर शोधाशोध सुरू झाली. ताटांखाली बघितलं, कचऱ्याचा डबा उपसला. मग सगळ्यांच्या माना एकदम चेमामामाकडे वळल्या. कारण मामाने गेल्या वर्षी तामालेस चुकवायला बाळ गालात धरून ठेवलं होतं, दोन तास, कुणाशी न बोलता. मामा बिचारा शपथा घ्यायला लागला. मावशीने त्याला दिव्याखाली उभं करून तोंड उघडायला लावलं, जीभ वर कर म्हणाली, खाली कर म्हणाली. मामा वैतागून म्हणाला, "सगळ्यांना विचारा की, यादिराला का नाही विचारत?"

आणि आई उठली. माझी आई, जी कधी आवाज चढवत नाही. "तिचं नाव घ्यायचं नाही, चेमा," म्हणाली. "या घरात दिलेला शब्द पाळणारी ती एकटीच आहे."

मी सरळ न्हाणीघरात गेले आणि कडी लावली.

आता भीती तरी किती प्रकारची असावी माणसाला? पोटात प्लास्टिक गेलं, त्याची एक. ते प्लास्टिक देवबाप्पाचं, त्याची दुसरी. विमाकार्डाच्या पाठीवर नर्सचा नंबर असतो, तो लावला, तर इंग्रजीसाठी एक दाबा, स्पॅनिशसाठी दोन दाबा, जीव जात असेल तर फोन ठेवा आणि दुसरीकडे करा. जीव जातोय का? मला कसं कळणार? मी थांबले. फोन बेसिनवर ठेवून स्पीकर लावला. वाजंत्री सुरू झाली. मध्येच एक बाई गोड आवाजात सांगायची, गोड खावंसं वाटतंय? दहा मिनिटं थांबा! अगं बाई, मी वीस मिनिटं तुझ्याच दारात थांबलेय!

आणि मग दंडावरचं यंत्र बोललं. ते साखरेचा आकडा फोनवर दाखवतं, माझ्या फोनवर, आणि आईच्याही. हौसेने मीच जोडून दिलं होतं तिला, पहिल्या आठवड्यात, शब्द पाळायचा जोर होता तेव्हा. आकडा एकशे नव्वद. बाण वर. दोनशे दहा. दोन बाण! बाहेर आईचा फोन किणकिणला. झालं, म्हटलं, आता कळलं.

पण तुम्हाला सांगते, माणसाचा विश्वास काय चीज असते! आई म्हणाली, यंत्र बिघडलंय. मावशी म्हणाली, यंत्रं खोटं बोलत नाहीत. आई म्हणाली, पण ती तर काही खातच नाही ना. आणि मग आईची पावलं, अगदी न्हाणीघराच्या दारापर्यंत.

"यादिरा," ती हळूच म्हणाली. आवाज ओला झालेला. "काही न खाता चढतेय गं तुझी साखर. म्हणजे आत काहीतरी मोठं झालंय. तू घाबरू नकोस. चेमा गाडी काढतोय, आपण आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात जाऊ."

आणि नेमका तेव्हा, पंचवीस मिनिटांनी, फोन उचलला हो!

"नर्स बोलतेय. काय त्रास होतोय?"

मी फोनकडे बघितलं, मग दाराकडे. आणि दाराकडेच तोंड करून बोलले, पार अंगणात गाडीशी उभ्या मामाला ऐकू जाईल एवढ्याने. "मी रोस्का खाल्ला. चोरून. साखर त्यानेच चढलीय, आत काही मोठं झालेलं नाही. आणि तिसरं बाळ मी गिळलंय, चेमामामाने नाही."

मग नर्सने एकेक करून विचारलं, श्वास नीट येतोय का, गिळताना दुखतंय का, उलटी झाली का, आजच्या गोळ्या घेतल्यात का. पोटात दुखलं किंवा उलटी झाली तर लगेच दवाखान्यात या म्हणाली, नाहीतर दोन-तीन दिवसांत जाईल आपलं आपण. मी थँक्यू म्हणून फोन ठेवणार, तर म्हणाली, "थांबा जरा. मग दोन फेब्रुवारीला तामालेस खायला तुमच्याकडे किती वाजता?"

मी म्हटलं, आठ.

"सहा सांग तिला," दाराबाहेरून आई म्हणाली. "साखरवाल्यांनी लवकर जेवावं."